आप्पांना घेऊन कूपर्सटाउनला: इचिरोच्या सन्मानाची वारी

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. सिअ‍ॅटलमध्ये दुपारचे तीन वाजून गेले होते. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, झालेल्या निवडीचा निकाल फोनवर पाहिला आणि तडक सांगलीला आप्पांना फोन लावला. तिकडे पहाटेचे पावणेपाच, पण आप्पा त्या वेळी उठलेलेच असतात.

"आलं का त्याचं नाव?"

"आलं. ३९४ पैकी ३९३ मतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग जायचं ना आपण?"

जुलैअखेर आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला जाऊन आलो. हॉल ऑफ फेम याच गावात आहे आणि सन्मानाचा सोहळाही इथेच होतो. आई-वडिलांना घेऊन जायचं म्हणून ओळखीतल्या दोघा-तिघांनी मला सगळं विचारलं, तेव्हा एकदा सविस्तर लिहून ठेवते. तारखा आणि खर्च आप्पांच्या डायरीतून घेतले आहेत. आप्पा शाळेत पी.टी.चे सर होते, आता ७६ वर्षांचे आहेत, आणि कुठलाही खर्च त्याच दिवशी लिहिल्याशिवाय झोपत नाहीत.

आधी इचिरो आमच्या घरात कसा आला ते सांगायला हवं. फेब्रुवारी २००१ मध्ये मी लग्न होऊन सिअ‍ॅटलला आले. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे कामाला आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तेव्हा नोकरी करता येत नसे. नवरा सकाळी जाई तो रात्री येई, बाहेर पाऊस, आणि घरात सोबतीला एक रेडिओ. त्यावर मॅरिनर्स या इथल्या बेसबॉल संघाच्या सामन्यांचं समालोचन लागायचं. इचिरो सुझुकीही त्याच वर्षी आला होता, जपानमधून, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. तिकडे सलग सात वर्षं आपल्या लीगमध्ये सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी त्याच्या नावावर होती. तरी इकडे लोक म्हणत होते, हा किरकोळ अंगाचा माणूस, इथल्या पिचरपुढे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांपुढे, कसा टिकणार. मला ते ऐकून राग यायचा. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

११ एप्रिलला ऑकलंडच्या मैदानावर एक गोष्ट घडली. समोरच्या संघाचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर होता (बेस म्हणजे धावत गाठायचे टप्पे). पुढच्या फलंदाजाने उजवीकडे चेंडू मारला आणि लाँग दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे सुटला. क्रिकेट बघणाऱ्यांसाठी सांगते: राइट फिल्ड म्हणजे फलंदाजाच्या उजव्या हाताचं लांबचं मैदान. तिथून तिसरा बेस सगळ्यांत दूर, म्हणून तिथे दणकट हाताचा माणूस उभा करतात. इचिरोने धावत येऊन चेंडू उचलला आणि फेकला तो सरळ रेषेत, जमिनीला न टेकता तिसऱ्या बेसवाल्याच्या हातमोज्यात. लाँग बाद. समालोचकाचा आवाज चिरकला होता, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी संघाने ११६ सामने जिंकले, इचिरोने २४२ हिट मारले (हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं) आणि सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच मोसमात घेतले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवडाभर सामने बंद होते. १९ तारखेला संघाने गटाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा जल्लोष न करता सगळे खेळाडू अमेरिकेचा झेंडा घेऊन मैदानात आले आणि गुडघे टेकून बसले. परक्या देशात मला त्या दिवसांत फार भीती वाटत होती. ते दृश्य पाहून मी पहिल्यांदा इथे रडले.

२००४ च्या उन्हाळ्यात आई-आप्पा आले. ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना मैदानावर नेलं, उजवीकडच्या स्वस्त जागांवर. बेसबॉलचे नियम त्यांना अर्धेच कळत होते. पण आप्पांचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच, ते फक्त राइट फिल्डरकडे पाहत होते. भारताचे क्रिकेटपटू एकनाथ सोलकर, फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून झेल घेणारे, हे त्यांचं दैवत. २७ कसोटींत ५३ झेल, ही संख्या त्यांनी शाळेच्या फळ्यावर कितीदा लिहिली असेल. त्या रात्रीच्या डायरीत नोंद आहे: "चेंडू आले ३. हा धावला ४१ वेळा."

तो धावत होता कशासाठी, हे मलाही तोवर दिसलं नव्हतं. इनफिल्डवाला, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक, पहिल्या बेसकडे चेंडू फेकतो, तो चुकला तर मागे कुणीतरी हवं. ते काम राइट फिल्डरचं. बहुतेक वेळा चेंडू नीट पकडला जातो आणि याची धाव वाया जाते. तरी तो दर वेळी धावतो. दोन चेंडूंच्या मधे पाय ताणतो, खांदे फिरवतो, फलंदाज बदलला की चार पावलं सरकतो. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्याने जॉर्ज सिसलरचा १९२० चा, एका मोसमात २५७ हिटचा विक्रम मोडला आणि मोसमाअखेर २६२ वर थांबला. टीव्हीवर पाहताना आईने देवापुढे साखर ठेवली होती. विक्रम मोडल्यावर तो सिसलरच्या कुटुंबीयांपाशी गेला आणि झुकून हात मिळवला. आई म्हणाली, "संस्कार बघ पोराचे." आई २०२१ मध्ये गेली. कूपर्सटाउनला जायचं आप्पांच्या मनात का होतं, त्यात हेही आलं.

आता व्यवहाराचं.

खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, मगच त्याचं नाव मतदानाला येतं. दहा वर्षांहून अधिक काळ सदस्य असलेले क्रीडा पत्रकार मत देतात आणि ७५ टक्के मिळाले की निवड होते. इचिरो मार्च २०१९ मध्ये टोकियोत शेवटचा खेळला, म्हणून २०२५. निवड होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणूनच मी निकालाची वाट पाहत बसायला नको होतं. त्याच रात्री पाहिलं तर गावात एकही परवडणारी खोली नव्हती. कूपर्सटाउनची वस्ती दोन हजारांच्या आत, सिग्नल एकच. तुमच्या आवडत्या खेळाडूचं वर्ष आधीच माहीत असेल, तर रद्द करता येईल अशी खोली डिसेंबरातच घेऊन ठेवा. आम्हाला ऑल्बनी विमानतळाजवळ मिळाली, चार रात्री, रात्रीचे १८९ डॉलर आणि वर कर. तिथून कूपर्सटाउन गाडीने दीड तास.

खरी काळजी व्हिसाची होती. आप्पांचा दहा वर्षांचा व्हिसा नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला होता. मुंबईत नव्याने मुलाखतीची तारीख घ्यायची तर वर्षाच्या वर थांबावं लागत होतं. मुलाखतीशिवाय नूतनीकरण, ज्याला सगळे ड्रॉपबॉक्स म्हणतात, तेवढाच मार्ग. आम्ही फॉर्म भरत होतो आणि फेब्रुवारीत नियम बदलला: जुना व्हिसा संपून ४८ महिने झाले तरी चालायचं, ते आता १२ महिन्यांवर आलं. आप्पा तीन महिन्यांच्या आत होते म्हणून बचावलो. माझ्या मैत्रिणीच्या आईचा व्हिसा दोन वर्षांपूर्वी संपलेला, त्यांचं त्या एका दिवसात राहिलं. हे नियम सतत बदलतात. आमच्या वेळचं धरून चालू नका, अर्ज करायच्या दिवशीचा नियम वाचा.

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, मी इथून भरला, आप्पा फोनवर. दोन संध्याकाळी गेल्या. जुन्या प्रवासांच्या तारखा लागतात, त्या डायरीत सापडल्या. शुल्क तेव्हा १८५ डॉलर होतं. फोटोसाठी आप्पा गावातल्या स्टुडिओत गेले आणि त्याने चष्म्यासकट काढून दिला. चष्मा चालत नाही. पुन्हा काढावा लागला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन इंच बाय दोन इंच. ११ मार्चला रात्रीच्या बसने मुंबई, १२ ला सकाळी बीकेसीतल्या व्हिसा केंद्रात कागद दिले. नवा पासपोर्ट, जुना व्हिसा असलेला जुना पासपोर्ट, फॉर्मची पावती, फोटो. जुना पासपोर्ट विसरून परत जाणारी माणसं त्यांनी रांगेत पाहिली, म्हणून मुद्दाम लिहिते. नंतर तीन आठवडे काही कळेना. वेबसाइटवर रोज तीच एक ओळ. आप्पा फोनवर विचारायचे नाहीत, मीच सांगायची, "अजून नाही." ३ एप्रिलला पासपोर्ट हातात आला, नवा व्हिसा दहा वर्षांचा. मी जिन्यात बसून थोडा वेळ डोळे मिटून घेतले.

मुंबई ते सिअ‍ॅटल जाऊन-येऊन तिकीट १ लाख ८ हजार रुपये. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, पैसे लागत नाहीत, आणि ज्याला इंग्रजी बोलायचा संकोच आहे त्याला इमिग्रेशनपर्यंत सोबत मिळते. तीन महिन्यांचा आरोग्य विमा २९० डॉलर. आधीपासूनच्या आजारांचं काय, ते त्यातल्या बारीक अक्षरात असतं, तेवढं पान नक्की वाचा. १८ जूनला आप्पा पोचले. घरी आल्यावर आय-९४ ची, म्हणजे किती दिवस राहता येईल याची, नोंद ऑनलाइन काढून तारीख तपासली. सहा महिने मिळाले होते.

जुलै उजाडायच्या आधीच एक वाईट बातमी आली. इचिरोबरोबर निवडलेल्यांत डेव्ह पार्कर होता, पिट्सबर्गचा राइट फिल्डर, त्याच्याही हाताची एकेकाळी दहशत होती. २८ जूनला तो गेला, सोहळ्याला महिनासुद्धा उरला नव्हता. आप्पा त्या दिवशी डायरीत लिहून गेले: "एक महिना कमी पडला." मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिले आणि विमानाच्या तिकिटांना आणखी उशीर न करता त्याच रात्री पैसे भरले. सिअ‍ॅटल ते ऑल्बनी, शिकागोला विमान बदलून, प्रत्येकी ४३८ डॉलर. गाडीचं भाडं चार दिवसांचे ३१२.

२४ जुलै, गुरुवारी निघालो. घडीची व्हीलचेअर घरून नेली. विमान कंपन्या तिचे पैसे घेत नाहीत. सामानात दशम्या, लसणाची चटणी, बीपीच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. ऑल्बनीत दुकानातून घडीच्या दोन खुर्च्या घेतल्या, ४८ डॉलर, आणि दोन पातळ रेनकोट.

शनिवारी संध्याकाळी सहाला मेन स्ट्रीटवरून जुन्या-नव्या खेळाडूंची मिरवणूक निघते, प्रत्येक जण एकेका पिकअप ट्रकच्या मागे बसून. आम्ही तीनलाच फुटपाथची कड धरली. आप्पा खुर्चीत, मी उभी. इचिरो आला तेव्हा गल्लीभर नुसता त्याच्या नावाचा गजर. आप्पांनी हात वर केला नाही, दोन्ही हात जोडले. त्याने पाहिलं की नाही, कोण जाणे. आमच्या बाजूला तो हसत होता एवढं खरं.

रविवार, २७ जुलै. मुख्य सोहळा गावाच्या कडेला क्लार्क स्पोर्ट्स सेंटरच्या मैदानावर होतो. मागच्या हिरवळीवर बसायला तिकीट लागत नाही, कुणीही जावं. पहाटे पाचला ऑल्बनी सोडलं, गावाबाहेर गाडी लावली, बसने आत, साडेसातला मैदानावर. तेव्हासुद्धा पुढच्या भागात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या, लोक आधीच ठेवून गेले होते. एका स्वयंसेवक आजींनी आप्पांना पाहून उतार नसलेली जागा दाखवली. वयस्कर माणूस सोबत असेल तर लाजू नका, विचारा. फिरती स्वच्छतागृहं जवळ असतील अशीच जागा धरा.

मग थांबणं. कार्यक्रम दीडचा. अकराच्या सुमारास ढग भरून आले आणि पाऊस सुरू झाला. छत्री उघडली की मागच्यांना दिसत नाही, म्हणून बहुतेक जण रेनकोटमध्येच भिजत बसले. सुरुवात तासभर लांबली. मला एकच चिंता, आप्पांना थंडी वाजेल. मी म्हणाले, "बसमध्ये जाऊन बसूया का थोडा वेळ?"

"अगं, तो असा किती वर्षं उभा राहिला असेल मैदानात. बस खाली."

आमच्या शेजारी इचिरोच्या ५१ नंबरचा शर्ट घातलेले एक जपानी आजोबा होते, बहुधा आप्पांच्याच वयाचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आप्पांना जपानी. मी दशमी पुढे केली, त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि पिशवीतून तांदळाची चकतीसारखी खारी बिस्किटं काढून दिली. मग ते उभे राहिले आणि ऑकलंडचा तो थ्रो करून दाखवला: धावत येणं, खाली वाकणं, एक उडी, आणि हात पूर्ण फिरवून सोडणं. आप्पांनी ओळखला. ते खुर्चीतच पुढे झुकले, दोन्ही तळवे गुडघ्यांच्या पुढे जमिनीजवळ आणले आणि फलंदाजाच्या बुटांशी बसलेला सोलकर दाखवला. आजोबांना सोलकर कुठून माहीत असणार, पण ते हात बघून "हाइ, हाइ" म्हणत मान डोलवत राहिले. तो पावसाचा तास या दोघांनी असाच काढला, आणि मी मधे बसून फक्त बघत होते.

पार्करच्या मुलाने वडिलांनी लिहून ठेवलेली कविता वाचली. तेव्हा मैदान गप्प झालं होतं. याच वर्षी निवडलेला डिक अ‍ॅलनही आता नाही, त्याच्या वतीने पत्नी बोलली.

इचिरो इंग्रजीत बोलला. इतकी वर्षं पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोललेला माणूस, सगळं भाषण इंग्रजीत. मी आप्पांच्या कानात मराठी करत होते. आपण तिसऱ्यांदा नवखे झालो आहोत, असं तो म्हणाला. एकदा जपानमध्ये, एकदा सिअ‍ॅटलला, आणि आता इथे. ज्या एका पत्रकाराने मत दिलं नाही, त्याला घरी जेवायला बोलावलं होतं, ते आमंत्रण आता संपलं, म्हणाला, आणि सगळे हसले. आधी अमेरिकेत खेळायला आलेल्या हिदेओ नोमो या जपानी खेळाडूचे आभार त्याने जपानीत मानले. शेजारच्या आजोबांनी तेव्हा टोपी काढली. पण आप्पांनी माझा हात दाबला तो दुसऱ्याच वाक्याला. रोज स्वतःच्या वस्तूंची निगा राखली, असं तो सांगत होता. हातमोज्याची नाडी सैल राहून चेंडू सुटू नये, बुटांची माती न काढल्यामुळे धावताना पाय घसरू नये, म्हणून. आप्पा तीस वर्षं मुलांना बुटांच्या नाड्या तपासायला लावत आले. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं माझी हुकली.

परतताना बसच्या रांगेत दोन तास गेले. खाणं आणि पाणी संपवू नका, या रांगेसाठी ठेवा.

सोमवारी सकाळी संग्रहालयात गेलो. लिफ्ट आहे, व्हीलचेअर सगळीकडे जाते. जपान आणि अमेरिका यांच्यातल्या बेसबॉलच्या देवाणघेवाणीवरचं दालन जुलै २०२५ मध्येच उघडलं, त्याला वेळ ठेवा. तळमजल्यावरच्या दालनात इचिरोची ब्राँझची पाटी भिंतीवर लागलेली होती, मॅरिनर्सची टोपी घातलेला चेहरा. आप्पा बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हात दिसत नाहीत." पाटीवर सगळ्यांचाच फक्त चेहरा असतो, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालं नाही.

डायरीतला एकूण खर्च, सिअ‍ॅटल सोडल्यापासून परत येईपर्यंत, दोघांचा: २,३१४ डॉलर. विमान आणि राहणं, यांचाच वाटा मोठा.

९ ऑगस्टला सिअ‍ॅटलच्या मैदानावर इचिरोचा ५१ हा आकडा निवृत्त करण्याचा, म्हणजे संघात तो पुन्हा कुणाला न देण्याचा, समारंभ होता. तिकिटं सोहळ्याआधीच घेऊन ठेवली होती, उजवीकडची, २००४ मध्ये बसलो होतो त्याच बाजूची. समारंभ संपला, इचिरो टोपी हलवत आत गेला आणि टँपा बेशी सामना सुरू झाला. राइट फिल्डला आता दुसराच मुलगा होता. पहिल्याच इनिंगमध्ये इनफिल्डवर साधा चेंडू गेला, पहिल्या बेसकडे फेकला गेला, नीट पकडला गेला, फलंदाज बाद. लोक पुन्हा आपापल्या खाण्याकडे वळले.

आप्पांनी खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि एक उभी रेघ ओढली.